रुपयामागें एक आणा

दरवर्षीं फेब्रुवारी महिना आला कीं पगारदार माणसाच्या घरांत एक प्रश्न हटकून निघतो. भविष्यनिर्वाह निधींत, म्हणजे आपण ज्याला नुसता फंड म्हणतों त्यांत, नेमाच्या वर्गणीवर आणखी किती रक्कम टाकावी आणि तसें केल्यानें कर किती वांचेल, हा तो प्रश्न होय. माझा एक भाचा लातूरला एका खासगी कचेरींत नोकरीस आहे. त्याचें वय अडतीस. गेल्या फेब्रुवारींत तो नांदेडला आमच्याकडे आला होता. रात्रीं जेवणें झाल्यावर तो म्हणाला, “मामा, तुम्हीच मला फंडांत जादा पैसे भरायला लावलें. कर वांचतो म्हणून मीं ते भरले. आतां नव्या पद्धतीनें मला करच लागत नाहीं. आमच्या कचेरींतल्या कित्येकांनीं जादा वर्गणी थांबविली. मीहि थांबवूं का?”

मीं त्याला म्हटलें, “याचें उत्तर सकाळीं देतों.” उत्तर टाळण्याचा माझा हेतु नव्हता. परंतु ही सवलत कोणी दिली, केव्हां दिली आणि कशासाठीं दिली, हें पाहिल्यावांचून ती गेल्याचें दुःख करावें कीं नाहीं, हें ठरत नाहीं. त्या रात्रीं जो इतिहास मनांत उजळला आणि सकाळीं जो मीं त्याच्यापुढें मांडला, तोच आज आपणांपुढें थोडक्यांत ठेवितों.

आपल्या देशांत उत्पन्नावरील कर प्रथम १८६० सालीं आला. १८५७ च्या उठावानें सरकारी तिजोरीवर मोठा बोजा पडला होता. तो भरून काढण्यासाठीं जेम्स विल्सन या अर्थमंत्र्यानें हा कर बसविला. वर्षाला २०० रुपयांहून कमी मिळविणारास त्यांतून माफी होती. तो कर मध्यंतरीं उठला, पुन्हा आला, पुन्हा बदलला. आणि १८८६ च्या कायद्यानें मात्र तो कायमचा ठाण मांडून बसला. आपल्या विषयाच्या दृष्टीनें या १८८६ च्या कायद्यांतील एक कलम फार महत्त्वाचें आहे. मनुष्यानें आपल्या आयुष्याच्या विम्याचा जो हप्ता भरला असेल, तो उत्पन्नाच्या एक-षष्ठांशापर्यंत करांतून वगळावा, अशी त्यांत तरतूद होती. आज आपण ज्या सवलतीची चर्चा करतों, तिची ही पणजी म्हणावयास हरकत नाहीं. पुढें १९२२ चा आयकराचा कायदा झाला. त्यानेंहि एक-षष्ठांशाचें हें माप पुढें चालविलें. १९२९ सालीं खासगी नोकरांच्या मान्यताप्राप्त फंडांनाहि करांत सूट देणारा कायदा झाला, आणि फंडाची वर्गणी ही विम्याच्या हप्त्याच्या पंक्तीला येऊन बसली.

परकी सरकारला आपल्या म्हातारपणाची एवढी काळजी कां वाटावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सरळ आहे. जो मनुष्य आपल्या म्हातारपणाची सोय स्वतः करतो, त्याचा आणि त्याच्या विधवेचा भार सरकारवर किंवा धन्यावर पडत नाहीं, हें पहिलें कारण. दुसरें कारण त्याहून व्यवहाराचें. फंडांत सांचलेला पैसा वर्षानुवर्षें हलत नाहीं. आणि न हलणारा पैसा सरकारला कर्जाऊ वापरतां येतो. सरकारी नोकरांच्या फंडांतील रक्कम सरकारपाशींच राहते आणि सरकार तिच्यावर व्याज देतें. खासगी फंडांचा मोठा भागहि सरकारी रोख्यांतच जातो. म्हणजे करांतील सूट ही नुसती कृपा नव्हे. तो एक सौदा आहे. त्या सौद्यांत आपलाहि लाभ असूं शकतो. मात्र सौदा म्हटला कीं त्याच्या अटी बदलणारच, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

यांतच १९२५ च्या प्रॉव्हिडंट फंडाच्या कायद्याची गोष्ट येते. ती कराची नाहीं, पण मला कराहून मोठी वाटते. सरकारी व रेल्वेच्या फंडांत नोकराची जी सक्तीची ठेव असेल, तिच्यावर कोणत्याहि सावकाराला कोर्टाकडून जप्ती आणतां येणार नाहीं, असें या कायद्यानें ठरविलें. घरावर टांच येईल, भांड्यांवर येईल, दागिने गहाण पडतील; पण फंडाला हात लावतां येणार नाहीं. हीच ढाल १९५२ च्या कायद्यानें पुढें गिरण्या-कारखान्यांतील कामगारांच्या हातींहि दिली. ज्यांनीं आपल्या लहानपणीं सावकाराचा माणूस दाराशीं बसलेला पाहिला आहे, त्यांना या एका कलमाची किंमत निराळी सांगावयास नको.

आतां आपल्या मराठवाड्याकडे वळूं. वर सांगितलेले हे सर्व कायदे ब्रिटिश हद्दींतले. त्या वेळीं नांदेड हा निजामाच्या राज्यांतील जिल्हा होता; लातूर हें उस्मानाबाद जिल्ह्यांतील व्यापाराचें गांव होतें. लातूरचा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला. सोलापूर हें ब्रिटिश हद्दींत, आणि तेथून फार दूर नसलेलें लातूर मोगलाईंत. एकीकडे कलदार रुपया, दुसरीकडे हाली सिक्का. सहा कलदारांना सात हाली असा साधारण हिशेब असे. एकीकडे आयकर, तर दुसरीकडे राज्याची तिजोरी मुख्यतः जमिनीचा सारा, करोडगिरी म्हणजे जकात, आणि आबकारी यांवर चाले. हैदराबाद राज्याचा स्वतःचा आयकराचा कायदा १३५७ फसलींत, म्हणजे १९४७-४८ च्या सुमारास झाला. अर्थात् कर वांचविण्यासाठीं बचत करावी ही कल्पनाच आपल्याकडील जुन्या नोकरदाराला ठाऊक नव्हती. खरें सांगावयाचें तर ती ब्रिटिश हद्दींतील साध्या मास्तरालाहि फारशी उपयोगाची नव्हती. १९२२ च्या सुमारास वर्षाला २००० रुपयांपर्यंत उत्पन्न करमुक्त होतें. महिना तीस-चाळीस रुपये मिळविणाऱ्या शिक्षकाला ज्या कराचा स्पर्शच नाहीं, त्यांतील सुटीचा लाभ कोठून होणार?

तरी मोगलाईंतील नोकरदार बचत करीत नव्हता असें नाहीं. निजाम सरकारनें आपल्या नोकरांच्या कुटुंबांसाठीं १९०७ सालींच एक योजना सुरू केली, आणि तींतूनच पुढें सरकारी विमाखातें उभें राहिलें. तनख्यांतून रक्कम परस्पर कापली जाई. बाकीच्यांची बचत म्हणजे सोनें, जमीन, आणि पेढीवर किंवा आडतीवर ठेवलेली रक्कम. लातूरच्या बाजारपेठेंत ओळखीच्या आडत्याकडे पैसे ठेवणें हा प्रतिष्ठित व्यवहार होता. आडत्या भला असला तर पैसे सुरक्षित. त्याचें दिवाळें वाजलें कीं ठेवीदाराचेंहि वाजलें. सोन्याला चोराचें भय, जमिनीला दुष्काळाचें आणि भाऊबंदकीचें. ज्याच्या पगारांतून दरमहा परस्पर रक्कम कापली जाई, त्याचाच पैसा काय तो शाबूत राही; आणि त्यांत कराच्या सुटीचा कांहीं संबंध नव्हता.

१९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद राज्य भारतांत विलीन झालें. १ एप्रिल १९५० पासून हिंदुस्थानचा आयकराचा कायदा येथेंहि लागू झाला. त्यामागोमाग, १५ नोव्हेंबर १९५१ रोजीं, कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा वटहुकूम निघाला, आणि १९५२ सालीं त्याचा कायदा झाला. आरंभीं तो फक्त सहा धंद्यांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, यंत्रकाम, लोखंड व पोलाद, कागद आणि कापड. यांतील कापड हा धंदा आपल्या जवळचा. नांदेडची उस्मानशाही गिरणी त्या वेळीं चालू होती, आणि तिच्या भोंग्यावर निम्मे नांदेड घड्याळ लावीत असे, असें आमचे वडीलधारे सांगत. महिना ३०० रुपयांपर्यंत मूळ पगार असलेल्या कामगारास हा फंड सक्तीचा झाला.

वर्गणी किती? कायद्यांत आंकडा होता सव्वासहा टक्के. हा आंकडा तरुण श्रोत्यांना विचित्र वाटेल. सहा नाहीं, सात नाहीं, सव्वासहाच कां? ज्यांना आण्यांचा हिशेब आठवतो, त्यांना तो लगेच उलगडेल. रुपयाचे सोळा आणे. शंभराचा सोळावा भाग सव्वासहा. म्हणजे रुपयामागें एक आणा! एक आणा कामगारानें द्यावयाचा आणि एक आणा मालकानें. गिरणींतल्या निरक्षर माणसालाहि हा हिशेब बोटांवर करतां येई.

याच कायद्यांत आणखी एक वाक्य आहे, आणि माझ्या भाच्याच्या प्रश्नाचें मूळ त्यांत आहे. कामगाराची इच्छा असेल तर त्यानें सव्वासहाऐवजीं सव्वाआठ टक्क्यांहून किंचित् अधिक, म्हणजे आठ पूर्णांक एक-तृतीयांश टक्क्यांपर्यंत वर्गणी द्यावी, अशी मुभा त्यांत होती. हाहि आंकडा अकारण आलेला नाहीं. तो शंभराचा बारावा भाग. म्हणजे वर्षाच्या बारा पगारांतला एक पगार म्हातारपणासाठीं बाजूला काढणें. मालकानें मात्र या जादा वर्गणीला जोड देण्याचें कारण नव्हतें. तेव्हां स्वेच्छेची जादा वर्गणी ही कांहीं अलीकडच्या हिशेबनिसांनीं काढलेली युक्ति नव्हे. ती या फंडाच्या जन्माबरोबरच जन्मली. आणि ज्या कामगारांसाठीं ती होती, त्यांतील बहुतेकांना आयकर भरावाच लागत नव्हता. पहिल्या वर्षीं, म्हणजे १९५२-५३ सालीं, या फंडावर व्याज होतें अवघें ३ टक्के.

सक्तीचा आंकडा पुढें वाढत गेला. आण्याचे आठ टक्के झाले, दहा झाले, आणि १९९७ सालीं बहुतेक धंद्यांना बारा टक्के लागू झाले; म्हणजे जवळजवळ रुपयामागें दोन आणे. उस्मानशाही गिरणीचें १९७४ सालीं राष्ट्रीयीकरण झालें आणि पुढें ती बंद पडली. गिरणी बंद झाली तेव्हां कामगारांच्या हातीं स्वतःचें म्हणण्यासारखें जें कांहीं उरलें, त्यांत त्या आण्या-आण्यांनीं सांचलेल्या रकमेचा वांटा मोठा होता.

आतां सवलतीच्या बाजूचा इतिहास पाहा. तो आणखी चंचल आहे. सरकारनें कधीं गोंजारून बचत करविली, कधीं हात पिरगाळून. १९६३ सालीं सक्तीच्या ठेवीची योजना आली. १९६८ सालीं सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधि निघाला, आणि ज्यांना मालक नाहीं अशा दुकानदार, वकील, डॉक्टर मंडळींनाहि फंडाचें दार उघडें झालें. त्या पहिल्या वर्षीं व्याज होतें ४.८ टक्के. १९७४ सालीं महागाई आटोक्यांत आणण्यासाठीं पगारदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीनें ठेवींत वळविण्यांत आला. आदल्याच वर्षापर्यंत मराठवाडा १९७२ च्या दुष्काळानें होरपळत होता. ज्या घरांत एकच पगार येत होता, त्या घरांना तो अर्धा भत्ता किती मोलाचा होता, हें मीं माझ्या घरीं पाहिलें आहे.

करांतील सुटीचें माप सरकार ज्या रीतीनें मोजतें, त्या रीतीकडेहि थोडें लक्ष द्या. रीत दोन प्रकारची. पहिल्या रीतींत भरलेली रक्कम उत्पन्नांतून वजा होते. त्यामुळें ज्याच्या वरच्या उत्पन्नावर तीस टक्के कर, त्याचे शंभरामागें तीस रुपये वांचतात. ज्याच्यावर पांच टक्के, त्याचे पांचच. बचत दोघांची सारखी, पण बक्षीस मोठ्याला मोठें. दुसऱ्या रीतींत प्रथम कर काढावयाचा आणि मग बचतीच्या ठराविक भागाइतकी सूट करांतून द्यावयाची. १९९० च्या अर्थसंकल्पानें ही दुसरी रीत आणली. बचतीच्या २० टक्के सूट मिळे. साहेबालाहि वीस, कारकुनालाहि वीस. कर देणाऱ्यांपुरतें पाहिलें तर मला ती रीत अधिक न्यायाची वाटते. २००५ च्या अर्थसंकल्पानें ती मोडली आणि पुन्हा पहिली आणली. मर्यादा एक लाखाची, २०१४ पासून दीड लाखाची.

पुढील दहा वर्षांत तर पालट फार जलद झाले. २०१६ च्या अर्थसंकल्पांत निवृत्तीच्या वेळीं काढलेल्या फंडाच्या मोठ्या भागावर कर लावण्याचें घाटत होतें. पगारदारांनीं ओरड केली आणि कांहीं दिवसांतच तें मागें घेण्यांत आलें. २०२० सालीं कराची नवी पद्धत आली: दर कमी, पण फंडाची, विम्याची वजावट नाहीं. १ एप्रिल २०२१ पासून नोकराची स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांहून अधिक झाली तर वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागूं लागला. ज्या फंडांत मालक कांहींच भरीत नाहीं तेथें ही मर्यादा पांच लाखांची ठरली. आणि २०२५ च्या अर्थसंकल्पानें नव्या पद्धतींत १२ लाखांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावरील कर माफ केला. १८८६ च्या एक-षष्ठांशापासून येथपर्यंत पाहिलें तर सवलत किती वेळां आली, फुगली, आटली आणि रूप बदलून गेली! सवलत ही घरीं आलेल्या पाहुण्यासारखी आहे. पाहुणा आला म्हणजे आदर करावा, पुरणपोळी करावी. पण तो कायमचा राहणार असें धरून घर बांधूं नये.

हें मी उपदेश म्हणून बोलत नाहीं. ठेंच खाऊन बोलतों. १९९३-९४ च्या सुमारास, वीस टक्के सुटीच्या काळांत, फेब्रुवारीच्या घाईंत मीं एक विमा उतरविला. मला त्या विम्याची गरज नव्हती. गरज होती ती कराची पावती दाखविण्याची. वर्षाचा हप्ता सहा हजार, सूट बाराशें. दोन वर्षें हप्ता भरला. तिसऱ्या वर्षीं घरांत आजारपण निघालें, हप्ता चुकला, आणि तो विमा बुडाला. २४०० रुपये कर वांचविण्यासाठीं मीं १२,००० रुपये घालविले. मुलांना नफा-तोट्याचीं गणितें घालणाऱ्या मास्तरानें हें करावें, याची मला अजून लाज वाटते.

त्याच काळांतील दुसरें उदाहरण मात्र मनाला धीर देणारें आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें गेलीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. घरें जागच्या जागीं बसलीं. औसा तालुक्यांतील माझे एक शिक्षकमित्र त्या रात्रीं कुटुंबासह बाहेर झोपले होते म्हणून वांचले. त्यांच्या चुलत्यानें जन्मभराची बचत सोन्याच्या रूपानें भिंतींतल्या कोनाड्यांत ठेविली होती. ती ढिगाऱ्यांत गेली. या मित्रांना पंधरा वर्षें किमान वर्गणीच्या दुप्पट वर्गणी फंडांत भरण्याची संवय होती. आम्ही त्यांना हंसत असूं. “गुरुजी, तुमचा पगार कराच्या रेषेलाहि शिवत नाहीं, एवढे पैसे कोंडून काय करतां?” असें मीच त्यांना विचारलें होतें. भूकंपानंतर त्यांनीं फंडांतून ना-परतावा अग्रिम घेतला. सरकारी घर मिळेपर्यंत पत्र्याचा आसरा उभा केला, बैलजोडी घेतली, आणि मुलीचें कॉलेज एक दिवसहि थांबूं दिलें नाहीं. त्यांना करांत सूट मिळाली होती ती शून्य.

या इतिहासाच्या उजेडांत आम्ही सकाळीं कागद-पेन्सिल घेऊन बसलों. भाच्याचा पगार महिना ६०,०००. त्यांत मूळ पगार ४०,०००. बारा टक्क्यांनीं त्याची नेमाची वर्गणी ४,८०० होते. जादा तो ५,००० भरीत होता. मूळ पगाराच्या रुपयामागें बरोबर दोन आणे. आतां २०२५-२६ चा हिशेब. जुनी पद्धत धरली आणि इतर कांहीं वजावट नाहीं असें मानलें, तर वर्षाच्या या ६०,००० जादा वर्गणीनें १२,००० रुपये कर आणि त्यावरील उपकर मिळून १२,४८० रुपये वांचले असते. पण एवढें वांचवूनहि जुन्या पद्धतींत त्याला जवळजवळ २४,००० रुपये कर द्यावाच लागला असता. नव्या पद्धतींत कर शून्य. तेव्हां कराच्या बाजूनें वाद संपला: नवी पद्धत त्याच्या हिताची, आणि जादा वर्गणीनें त्याचा एक पैसाहि कर वांचत नाहीं.

“मग बंद करतों,” तो म्हणाला.

मीं म्हटलें, “थांब. वहीचें एकच पान वाचलेंस. दुसरें उलट.”

दुसऱ्या पानावर असें होतें. कामगारांच्या फंडावर २०२४-२५ सालचें व्याज होतें ८.२५ टक्के. वर्गणी अडीच लाखांच्या आंत असल्यानें त्या व्याजावर कर नाहीं. ही सूट नव्या पद्धतींतहि शिल्लक राहिली होती. हा दर वीस वर्षें टिकला असें धरलें, तर महिना ५,००० प्रमाणें भरलेल्या १२ लाखांचे सुमारें २९ लाख होतात. मात्र येथें आपण स्वतःला फसवूं नये. भाव दरवर्षीं ६ टक्क्यांनीं चढले तर त्या २९ लाखांची किंमत आजच्या भावानें सुमारें ९ लाखच राहील; आणि व्याजाचा दर टिकेलच याची हमी इतिहास देत नाहीं. याच फंडानें नव्वदच्या दशकांत १२ टक्के दिले आणि आरंभीं ३ टक्के.

आणखी एक गोष्ट. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी राज्य सरकारच्या नोकरींत लागलेल्या आमच्यासारख्यांना पेन्शनचा आधार आहे. भाच्याला ती पेन्शन नाहीं. कामगारांच्या १९९५ च्या योजनेंतून त्याला जें निवृत्तिवेतन मिळेल, तें २०१४ सालीं ठरलेल्या १५,००० च्या मर्यादेवर मोजलें, तर पस्तीस वर्षें नोकरी करूनहि महिना ७,५०० च्या आसपासच भरतें. हा आंकडा वहींत लिहिल्यावर तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. त्याची बायको दारांत उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “मामंजी, एवढ्यांत तर औषधंच येतील.” खरा प्रश्न कराचा नव्हता, तो हा होता.

मग मीं त्याला तीन गोष्टी पाहावयास सांगितल्या. पहिली, डोक्यावर फंडाच्या व्याजाहून महाग कर्ज आहे काय? असेल तर तें आधीं फेडावें. बारा टक्क्यांचें कर्ज ठेवून सव्वाआठ टक्क्यांची ठेव करणें हा भोळेपणा आहे. दुसरी, सहा महिने घर चालेल एवढी रक्कम बँकेंत हाताशीं आहे काय? फंड हा कोंडलेला पैसा. आजार, घर, शिक्षण, लग्न अशा कारणांसाठीं तो अटींवर मिळतो. पण मध्यरात्रीं दवाखान्यांत लागणारा पैसा अर्ज करून मिळत नाहीं. आणि तिसरी, जादा वर्गणी थांबविल्यावर ते ५,००० रुपये जातील कोठें? ते दुसऱ्या चांगल्या ठेवींत नेमानें जाणार असतील तर माझें भांडण नाहीं. पण हातीं आलेला पैसा हातांतून जातो, आणि हातीं न आलेला पैसा सांचतो, हें पगारदाराच्या घरचें फार जुनें सत्य आहे.

भाच्यानें खरेपणानें सांगितलें. मोटारसायकलीचें कर्ज महाग होतें, थोडेंच राहिलें होतें. हाताशीं रक्कम मात्र दोन महिन्यांचीच होती. म्हणून आम्हीं असें ठरविलें कीं, वर्षभर त्यानें दोन आण्यांऐवजीं एक आणा, म्हणजे २,५०० रुपये, जादा भरावे. उरलेल्या २,५०० मधून आधीं कर्ज संपवावें, मग बँकेंतील रक्कम वाढवावी, आणि नंतर पुन्हा दोन आण्यांवर यावें. करासाठीं नव्हे, तर आपल्या साठाव्या वर्षासाठीं.

श्रोतेहो, १९५२ सालीं नांदेडच्या गिरणींत जो कामगार उभा होता, त्याच्यापुढें कराची लालूच नव्हती. त्याला कोणी सवलतीचा तक्ता दाखविला नाहीं. रुपयामागें एक आणा बाजूला पडला, तो त्याचा राहिला, आणि सावकाराला त्याला शिवतां आलें नाहीं. सरकार सूट देईल तेव्हां ती जरूर घ्यावी. तो आपला हक्क आहे. पण सूट आहे म्हणून भरूं नये, आणि सूट गेली म्हणून थांबूं नये. आपल्या घरांतील मुलांना पहिला पगार मिळेल तेव्हां करसल्लागाराकडे पाठविण्यापूर्वी त्यांना हा आण्याचा हिशेब एकदां अवश्य करून दाखवावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.